जे हाताला लागत नाही, त्याचंही नाव असतं!

इंग्रजी व्याकरणात एवढी मौज असते? रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकात नामांचे प्रकार वाचता वाचता मी ‘ॲबस्ट्रॅक्ट नाउन’पाशी थबकले, आणि तेव्हापासून दिसेल त्या नामाला एकच प्रश्न विचारत सुटलेय: तू दिसतोस, ऐकू येतोस, तुला वास, चव किंवा स्पर्श आहे? एक जरी ‘हो’ आलं, की नाम काँक्रीट, म्हणजे मूर्त. पाचही इंद्रियांनी हात टेकले, की ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे अमूर्त!

ही कसोटी लावून तर पाहा! ‘थंडर’ मुठीत धरता येत नाही, पण कान ग्वाही देतात: काँक्रीट! ‘स्मेल’ दिसत नाही, पण नाकाला कळतो: काँक्रीट! आणि मोजता येण्या-न येण्याशी याचा काही संबंध नाही. ‘राइस’ एक-दोन-तीन असा मोजत नाहीत, तरी तो काँक्रीट. ‘आयडिया’ कितीही मोजा, ती ॲबस्ट्रॅक्टच.

आणि ही ॲबस्ट्रॅक्ट नामं घडतात किती सहज! ‘काइंड’ला ‘नेस’ जोडा, ‘फ्री’ला ‘डम’, ‘चाइल्ड’ला ‘हुड’. ‘फ्रेंड’ समोर उभा असतो, ‘फ्रेंडशिप’ मात्र कुठंच दाखवता येत नाही! ‘ट्रूथ’, ‘लेंग्थ’, ‘डेप्थ’ यांच्या शेवटचा ‘थ’ही हेच काम करतो. आपल्याकडे माणूसपासून माणुसकी आणि गोडपासून गोडवा होतो, अगदी तसंच.

सगळ्यात भारी गोष्ट तर पुढेच आहे: एकच शब्द वाक्यागणिक बाजू बदलतो! ‘यूथ’ म्हणजे तारुण्य असेल तर ॲबस्ट्रॅक्ट, पण ‘अ यूथ’ म्हणजे एखादा तरुण, तो काँक्रीट! म्हणजे निवाडा सुट्या शब्दाचा नाही, वाक्यातल्या अर्थाचा करायचा. शिवाय या दोन टोकांच्या मध्ये पायऱ्याही आहेत. २०१४ साली मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रायसबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,०००हून अधिक लोकांकडून सुमारे ४०,००० इंग्रजी शब्दांना १ ते ५ असे गुण देववले. अगदी अमूर्त शब्दाला १, अगदी मूर्त शब्दाला ५. कित्येक शब्द अधेमधेच थांबले!

इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलांकडून व्याख्या घोकून घेऊ नका. प्रत्येक नाम त्यांना आधी ऐकू द्या, हुंगू द्या, चाखू द्या, आणि मग वाक्यात बसवून पाहायला सांगा. प्रकार ती स्वतःच ओळखतील.