माथेरानची तांबडी वाट

चांगल्या वाटेचे एक लक्षण असे, की चालणाऱ्याला तिची आठवण राहत नाही. पाय ठेचकाळला, घसरला, चिखलात रुतला तरच आपण खाली पाहतो. एरव्ही आपली नजर झाडांवर, डोंगरांवर आणि सोबतच्या माणसांवर असते. वाटेकडे खाली मान घालून पाहायला मला माझ्या वडिलांनी शिकवले, आणि तेही वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

२०२२ सालचा मार्च महिना होता. महामारीची दोन वर्षे घरात कोंडून काढल्यावर मुलांना मोकळी हवा हवी होती आणि बाबांना, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ‘अजून आपले पाय चालतात’ याची खात्री करून घ्यायची होती. एका शनिवारी पहाटे आम्ही वसईहून निघालो. दादरला गाडी बदलून नेरळ गाठले. डोंगर चढून जाणारी छोटी गाडी २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्यापासून नेरळहून बंद होती, म्हणून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. तिथून पुढे माथेरानात मोटारीला मज्जाव. ‘आता पायच आपली गाडी,’ असे म्हणत बाबांनी काठी पुढे टेकली.

माथेरानचा वसंत पाहायचा तर मार्चमध्येच यावे. मे महिन्यातली गर्दी नसते आणि पावसाळ्यातले धुकेही नसते. जांभळीला कोवळी तांबूस पालवी आलेली होती. अंजनीच्या फांद्यांना खोडापासून टोकापर्यंत निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटले होते; जणू कोणी निळीचे पाणी शिंपडून गेले होते. उंच फांदीवरून एक शेकरू आपली झुबकेदार शेपटी सोडून आमच्याकडे पाहत होते. धाकटी लेक आजोबांचा हात धरून नाचत चालली होती.

इतिहासाची पुस्तके सांगतात, की १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून आले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. हे मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. बाबा थांबले आणि म्हणाले, “ते ज्या वाटेने चढले, ती वाट कोणाची होती?” मी गप्प झालो. धनगर, ठाकूर आणि कातकरी या डोंगरावर कितीतरी आधीपासून वावरत होते. वाट त्यांच्या पायांनी पाडलेली; नाव मात्र वर पोहोचणाऱ्या साहेबाचे झाले.

बाबांनी हा प्रश्न सहज विचारला नव्हता. त्यांचे सारे आयुष्य रस्त्यावर गेले. ते रस्त्यांच्या डागडुजीच्या कामावर मजूर म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. फावडे, कुदळ, घमेले हीच त्यांची दौत-लेखणी. त्या दिवशी आम्ही निसर्ग पाहत होतो आणि बाबा वाट वाचत होते. “ही माती बघ, तांबडी, जांभ्याची. उन्हाळ्यात दगडासारखी, पावसात साबणासारखी. इथे पाऊस केवढा पडतो! वाटेवर पाणी वाहू दिलं तर दोन पावसांत वाटेचा ओढा होईल.” मग ते लेकीला दाखवू लागले: वाटेचा मध्य किंचित उंच ठेवलेला, डोंगराच्या बाजूला गटार, मधूनमधून वाटेवर तिरप्या बसवलेल्या दगडांच्या ओळी. “पाण्याशी भांडायचं नसतं, पोरी. त्याला हात धरून वाटेबाहेर न्यायचं असतं.”

शार्लोट तलावाच्या काठी बसून आम्ही डबे उघडले. उपवासकाळ चालू असल्यामुळे तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची उसळ एवढाच बेत होता. पण चालून आलेल्या भुकेला तो मेजवानीसारखा लागला. जेवण आटोपून लुइझा पॉइंटकडे निघालो. वाटेत एके ठिकाणी बाबा अडखळले. गटारात वाळलेल्या पानांचा बोळा बसला होता आणि त्यावर माती साचली होती. “पहिल्या पावसाला पाणी इथूनच वाटेवर येणार,” असे पुटपुटत ते खाली बसले आणि काठीने पाने उकरू लागले. लेकही बसली. दोघांचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले.

तेवढ्यात घोड्यांवरून काही पर्यटक आले. त्यांच्यातला एक जण हसला. माझ्या तोंडून शब्द निघून गेले, “बाबा, उठा ना, लोक बघताहेत!”

शब्द निघाले आणि मी जागच्या जागी थिजलो. हेच शब्द एकदा, उच्चारल्याशिवाय, माझ्या मनात उमटून गेले होते. साल १९८३. मी आठवीत होतो. पावसाळ्याच्या दिवसांत शाळेतून एसटीने घरी येत होतो. रस्ता खचला होता म्हणून बस थांबली. डोक्यावर गोणपाट घेतलेली माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहून मोरी मोकळी करीत होती. त्यांतल्या एकाने मला पाहून हात उंचावला. शेजारच्या मित्राने विचारले, “तुझ्या ओळखीचा का रे?” मी मान फिरवली आणि म्हणालो, “नाही.” त्या रात्री बाबा नेहमीसारखे घरी आले, नेहमीसारखे जेवले. तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. मीही काढला नाही. कितीदा तरी मी माझी पापे धर्मगुरूंपुढे कबूल केली असतील. पण ज्याच्यापुढे हे कबूल करायचे, त्या माणसाबरोबर मी रोज जेवत होतो.

लुइझा पॉइंटला समोर प्रबळगड उन्हात तापत उभा होता. मुले त्यांच्या आईबरोबर कठड्याशी गेली. मी बाबांशेजारी बसलो आणि एकोणचाळीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगून टाकली. ते बराच वेळ दरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “अरे, भर पावसात बसच्या काचेतून कुणाला काय दिसतं!”

खिडकीला काच लावलेली नव्हती. हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. मी काही बोललो नाही. त्यांनी आपला तांबडा हात माझ्या पाठीवर ठेवला. सदऱ्यावर त्याचा ठसा उमटला.

परतताना बाबांचे गुडघे बोलू लागले. बाजारपेठेपर्यंत ते कसेबसे आले. पुढे दस्तुरीपर्यंतची वाट होती. मी हातरिक्षा पाहिली. पुढे एक ओढणारा, मागे दोघे रेटणारे. बाबा मागे सरले. “माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसायचं? मी?” रिक्षावाल्यांतला वयस्क माणूस नम्रपणे म्हणाला, “बाबा, सकाळपासून एकच फेरी झालीय. तुम्ही दया कराल, पण चूल दयेवर पेटत नाही.”

बाबा बसले. मात्र चढ आला, की “थांबा” म्हणून उतरायचे आणि काठी टेकीत चालायचे. सपाटी आली, की पुन्हा बसायचे. मी न सांगता मागे गेलो आणि त्या दोघांबरोबर रिक्षेला हात लावला. येणारे-जाणारे आमच्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिले.

वाचकहो, पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेश दिला. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. माणसाने माणसाला ओढणे थांबणार याचे त्यांना समाधान वाटले, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, “त्या म्हाताऱ्याला ई-रिक्षा चालवता येईल ना?” मग मी पुढचे वाचले: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवता येतील, आतल्या रस्त्यांवर आणि डोंगरवाटांवर मात्र नाही.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. एक्क्याऐंशी वर्षांचे झाले आहेत. आता माथेरान त्यांना झेपणारे नाही. ते म्हणाले, “म्हणजे ती वाट मातीचीच राहणार. बरं झालं. पण मग पानं दर वर्षी काढावी लागतील.”

यंदा मार्चमध्ये पुन्हा जायचे, असे लेकीने ठरवून टाकले आहे. तिने पिशवीत एक छोटे खुरपे आधीच ठेवले आहे. मी दोन ठेवायला सांगितली.