केअर ऑफ सरोजिनी नगर

आर्किटेक्ट म्हणून माझी नोंदणी झाल्याचा लिफाफा आला, त्यावर पत्ता मावशीच्या सरकारी क्वार्टरचा होता. नोंदणीला मुंबईची पाच वर्षांची पदवी पुरेशी होती. 1972 चा कायदा तेवढंच मागतो. पण मला घरांचंच काम करायचं होतं. म्हणून 1993 साली दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये गृहनिर्माणाच्या पदव्युत्तर अभ्यासाला आलो आणि अर्ज तिथूनच भरला. पत्त्याचा रकाना काकांनी आपल्या हाताने लिहिला.

दोन खोल्या, मागे व्हरांडा, छोटं अंगण, अंगणात कडुनिंब. व्हरांड्यात मावशीचं शिवणाचं मशीन होतं. मी पोचलो त्याच संध्याकाळी ते आतल्या खोलीत गेलं आणि तिथे माझा ड्रॉइंग बोर्ड लागला. महिन्याअखेर मी पैसे पुढे केले, तर काका म्हणाले, "घेतले तर ते सबलेटिंग होईल. क्वार्टर जाईल आमचं." नियम खराच होता. त्या नियमाआड त्यांनी आपला मोठेपणा लपवला, हे कळायला मला फार वर्षं लागली.

काका मूळचे मालवणकडचे. एका रविवारी त्यांनी मला प्रगती मैदानाजवळचं नॅशनल सायन्स सेंटर दाखवायला नेलं. "हे कानविंद्यांचं. आपल्या आचऱ्याचे," ते म्हणाले. अच्युत कानविंदे आमच्या अभ्यासक्रमात होते; काकांच्या तोंडून ते आपले झाले.

दुसऱ्या वर्षाचा मे महिना मात्र विसरता येत नाही. अभ्यासासाठी मी मावशीचंच क्वार्टर मोजलं होतं. ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंगने शाई चढवत होतो, आणि कूलरची ओली हवा लागली की कागद फुगायचा, रेघ फुटायची. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडता खरवडता कागद फाटला, तेव्हा मी रडकुंडीला आलो. मावशीने उठून कूलर बंद केला. दिल्लीच्या लूमध्ये सलग नऊ रात्री त्या घरात कूलर लागला नाही. काका अंगणात खाट टाकून झोपायचे आणि सकाळी साडेनवाच्या आत ऑफिसला हजर असायचे. कुणी एका शब्दाने बोललं नाही.

एकदा मावशीने माझा नकाशा निरखून पाहिला. "दोरी कुठंय? कपडे काय हवेत वाळतात? आणि झाड?" मी दोरी काढली. मशीन काढलं, जिथे ते आधी होतं तिथेच, व्हरांड्यात. कडुनिंब मोजला: मागच्या भिंतीपासून अकरा फूट. घर वापरणाऱ्याला आधी विचारावं, हे मला पुस्तकाआधी तिने शिकवलं.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून दोघं पुण्याला आली. ते घर त्यांचं कधी नव्हतंच. त्यातलाच एक कोपरा त्यांनी मला दिला होता. 2016 मध्ये सरोजिनी नगरसह दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला केंद्राने मंजुरी दिली. 2018 च्या जूनमध्ये झाडं तोडू नयेत म्हणून लोक तिथल्या खोडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि उच्च न्यायालयाने तोड थांबवली. पेपरातला फोटो पाहून मावशीने विचारलं, "यात आपला आहे का रे?"

फोटोवरून ओळखणं शक्य नव्हतं. मी जुनी ट्रेसिंगची गुंडाळी उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने दोरीवरून बोट फिरवत नेलं आणि झाडाच्या वर्तुळावर टेकवलं.