छाटणीच्या गाडीवरच्या दादांस



पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली की मुंबईच्या रस्त्यांवर हायड्रॉलिक शिडीची गाडी उभी राहते. पाळणा वर जातो, मागे हॉर्न वाजू लागतात. दादा, त्या गाडीबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. कोणती फांदी जाणार आणि कोणती राहणार, हे आपल्या शहरात बहुतेक वेळा गाडीच ठरवते.

पाळणा रस्त्याच्या बाजूने चढतो, म्हणून रस्त्याकडच्या फांद्या जातात. सोसायटीच्या भिंतीपलीकडे झुकलेला भार तसाच राहतो, कारण तिथवर गाडीचा हात पोचत नाही. पर्जन्यवृक्षासारख्या पसरट झाडाला हे फार महागात पडतं. एका अंगाने बोडकं झालेलं झाड दुसऱ्या अंगाला ओढलं जातं. त्यात केबलच्या चरांनी मुळं तुटलेली आणि बुंध्याशी काँक्रीट आवळलेलं असेल, तर जुलैतल्या वाऱ्यात ते उन्मळलं म्हणून नवल करू नये.

गाडी थांबते तिथून पुढे तुमची विद्या सुरू होते. तुमच्यातला एक जण दोर घेऊन फांदीवर चढतो, तोडायच्या फांदीला गाठ मारतो. खालचा गडी दोराला बुंध्याभोवती दोन-तीन वेढे देऊन टोक धरतो. त्या वेढ्यांच्या घर्षणावर क्विंटलभर लाकूड विजेच्या तारा चुकवत, इंचाइंचाने खाली येतं. मोकळ्या रानात पडणीच्या बाजूला खाच घेतात, मागून काप देतात आणि मधे खोडाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं लाकूड बिजागरीसारखं राखतात. झाड त्यावर वळत खाली येतं. ती पट्टी कापली गेली तर झाड कुठे जाईल सांगता येत नाही. गल्लीत मात्र आख्खं झाड आडवं करायला जागाच नसते. शेंड्यापासून तुकडे उतरवत यावं लागतं. हे काम ‘अकुशल मजुरी’ म्हणून मोजलं जातं, याचा मला संताप येतो.

एक मागणं मात्र तुमच्याकडेही आहे, शेवटच्या कापाचं. जड फांदी वरून एका दमात कापली की ती मोडताना खालची साल खोडापर्यंत सोलून नेते. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, आणि भार उतरल्यावर उरलेला खुंट काढायचा. तो नेमका कुठे कापायचा? फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कडी असते, तिच्या लगेच बाहेर. ॲलेक्स शिगो या अमेरिकन वनवैज्ञानिकाने हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि दाखवलं की झाड आपली जखम माणसासारखी भरून काढत नाही. कुजलेल्या भागाभोवती ते भिंती उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. कडीच कापली, तर ही तटबंदी कमकुवत होते. लांब खुंट ठेवला, तर तो कुजतो आणि कूज खोडाकडे सरकते. आपण नागरिक 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी होती का, यावरून भांडतो, आणि ते भांडलंच पाहिजे. पण परवानगीने झालेला काप कुठे बसला, हे बघायला कोणी मान वर करत नाही.

आणि तुमचा जीव. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की पेट्रोलची करवत क्षणात तोंडाकडे उसळते. म्हणून ती खांद्याच्या वर धरायची नसते. पाळण्यात उभं राहून डोक्यावरची फांदी कापताना नेमकं तेच होतं. पाळणा आणखी वर न्यायला ड्रायव्हरला सांगायचं, तर खाली मुकादम घाई करत असतो. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, पाळण्याला अडकवलेला पट्टा, करवतीपासून जपणारी पँट हे सगळं ठेक्याच्या रकमेतच धरलेलं असायला हवं. तुम्ही ते मागितलंत, तर आम्ही रहिवासी पालिकेकडे लेखी पाठिंबा देऊ.

पुढच्या खेपेला आमच्या भिंतीकडची बाजूही घ्या. दोरावरून करावी लागेल, वेळ लागेल. खालच्या गाड्या आदल्या रात्रीच हलवून ठेवू आणि आवाराचं फाटक दिवसभर उघडं ठेवू.

आपली,
याच रस्त्यावरची एक रहिवासी