केशरी रंगाची घाई

माझ्या टेबलावरचं मिग-२१ हे १:७२ मापाचं. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा, आणि पंखांचा पसारा जेमतेम दहा सेंटिमीटर. वह्या तपासून झाल्या की मी प्लॅस्टिकचे सुटे भाग घासत, चिकटवत बसतो. अम्मी म्हणते, बी.एड. झालेला मास्तर खेळण्यांत रमलाय.

खोक्यात सोव्हिएत लाल तारेच होते. आपल्या हवाई दलाचं चक्र मी हातानेच रंगवायला घेतलं. मधोमध हिरवा ठिपका, भोवती पांढरं, बाहेर केशरी. इनॅमलचा एकेक थर रात्रभर तरी वाळू द्यावा लागतो. घाई करू नका, हे वर्गातल्या मुलांना मीच सांगत असतो.

हिरवा वाळला होता, पांढरा नुकताच लावला होता. तेवढ्यात शेजारच्या शाळेतले एक मास्तर आले. पंखाकडे पाहून हसत म्हणाले, "काय सर, पाकिस्तानचं का?"

मीही हसलो. चहा पाजला. ते जाताच केशरी रंगाची डबी उघडली.

पांढरा ओलाच होता. केशरी त्यात पसरत थेट हिरव्यापर्यंत गेला.

सप्टेंबर २०२५मध्ये खरं मिग-२१ निवृत्त झालं. माझ्या विमानाचा तो पंख अजून भिंतीकडे असतो.