एक दाता कमी

नर्मदेच्या आश्रयाला येऊन राहिलेल्या माणसाने काळ्या मातीविषयी तक्रार करू नये, असे जबलपूरची जुनी मंडळी आम्हांला सांगतात. गहू गोड लागत असेल तर चिखलही गोड मानून घ्यावा! तत्त्व म्हणून हे आम्हांला मान्य आहे. पण आमची सौभाग्यवती येथून पस्तीस किलोमीटरांवर, पाटण तहसिलीतील एका खेड्यात शिक्षिका आहे. पाच वर्षांचा मुलगा तिच्याजवळ असतो. आणि आम्ही येथे केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहीत असतो. एका संसाराच्या दोन चुली. शनिवारी आम्ही मोटरसायकलीवरून तिकडे गेलो म्हणजे त्यांची एक होते. मात्र शेवटच्या तीन किलोमीटरांचा रस्ता पावसाळ्यात रस्ता उरत नाही.

हा मुलूख ‘हवेली’ शेतीचा. उंच बांध घालून पावसाचे पाणी शेतात कोंडायचे, पावसाळा सरला की ते सोडून द्यायचे आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, ही येथली पूर्वापार रीत. उन्हाळ्यात जिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला डिंकासारखी चिकटते. बांधांमधल्या वाटेवर तिच्याशी आमची गाठ पडे.

गेल्या ऑगस्टात मुलाला ताप भरल्याचा निरोप आला. आम्ही तसेच निघालो. चिखल लागताच गाडीने धाप टाकली. पहिल्या गिअरमध्ये मूठ पिळली, तर मागचे चाक जागच्या जागी गरगरून खड्डा खणू लागले. दुसरा टाकला, तर इंजिन गुदमरून बंद पडले. शेवटी गाडी तेथेच सोडून आम्ही गुडघाभर राड्यातून चालत निघालो. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. “आलात?” एवढेच ती म्हणाली. त्या शब्दात तक्रार नव्हती, म्हणूनच तो अधिक लागला. रात्री एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून मुलाला पाटणला नेले. पोरगा बरा झाला. आमच्या मनातला काटा मात्र निघाला नाही.

आमच्या शेजारी व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. त्यांना आम्ही विचारले, “काका, या इंजिनाची ताकद वाढवता येईल का?”

काका हसले. “ताकद कशाला वाढवता? आहे तीच खाली आणा की!”

काकांच्या बोलण्याला जबलपूरचा मोठा आधार आहे. १९०४ पासून येथे तोफांचे गाडे घडवले जात आहेत. १९५९ मध्ये त्याच गन कॅरेज फॅक्टरीत जर्मन सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागले आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. तेथली ‘जोंगा’ गाडी मूळची जपानच्या निसान पेट्रोलची. पण नाव पक्के आमच्या गावचे: ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली’ या शब्दांची आद्याक्षरे! सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरांचे इंजिन असूनही तिची खरी करामत आणखी एका दांड्यात होती, असे काका म्हणाले. तो दांडा ओढला की चारही चाके कमी वेगाच्या गिअरवर येत. इंजिन तेच, पण चाके सावकाश फिरत आणि ओढ मात्र वाढे. वेग द्यायचा आणि ओढ घ्यायची, असा हा रोखठोक सौदा.

आमच्या गाडीच्या पुढच्या स्प्रॉकेटला पंधरा दाते होते, मागच्याला पंचेचाळीस. काकांनी पुढचे चौदाचे आणि मागचे अठ्ठेचाळीसचे बसवून घेतले. त्यासाठी चेनही लांब घ्यावी लागली. कारकुनी सवयीने आम्ही हिशेब मांडला. पूर्वी इंजिनाकडचे चक्र तीनदा फिरले की मागचे चाक एकदा फिरे. आता सुमारे ३.४३ वेळा फिरावे लागते. म्हणजे ओढ एक सप्तमांशाने वाढली आणि इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांना मिळणारा वेग एक अष्टमांशाने घटला. जमाखर्च जुळला, फुकट काहीच मिळाले नाही.

काकांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. माती अडकून चाक जखडू नये म्हणून पुढचा मडगार्ड उंच बसवून घ्यायचा. आणि चिखल आला की दुसऱ्याच गिअरवर, मूठ जेमतेम उघडून, न थांबता जायचे. “चाक गरगरले की समजा, तुम्ही घाई केलीत,” ते म्हणाले.

यंदाच्या जुलैत त्या वाटेची पुन्हा परीक्षा झाली. दोन्ही पाय खाली टेकवत, बैलगाडीच्या चालीने आम्ही निघालो. हात मूठ पिळायला शिवशिवत होते. आम्ही ते आवरले. इंजिन घुमत राहिले, पण बंद पडले नाही. तीन किलोमीटरांना अर्धा तास लागला. शाळा सुटायची होती. वऱ्हांड्यातून मुलाने आधी आवाज ओळखला आणि मग आम्हांला. सौभाग्यवतीने खडूचा हात पदराला पुसला आणि घड्याळाकडे पाहिले. या वेळी ती “आलात?” म्हणाली नाही. “चिखल बाहेरच धुवा,” म्हणाली.

परतताना डांबरी सडकेवर सारी वाहने आम्हांला मागे टाकून जातात. आमच्यामागून नोकरीत लागलेला एक सहकारी परवा असाच भुर्रकन पुढे गेला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने गाडीच्या वयाची चौकशी केली. आम्ही नुसते हसलो. त्याचे घर डांबरी सडकेवरच आहे.