आज काय दिसलं?

पुण्याच्या थंडीचे दोन आकडे असतात. एक शिवाजीनगरच्या वेधशाळेचा. तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येतो. दुसरा मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांचा. तो त्याच दिवशी सकाळी झेड पुलावर कळतो. वेधशाळा नऊ अंश म्हणाली, तर गुडघे चार म्हणतात. माझा विश्वास गुडघ्यांवर. याच पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांवर उतरल्याची नोंद आहे. त्या सकाळी सायकल हाणीत कामावर गेलेल्या तमाम पुणेकरांना माझा साष्टांग नमस्कार!

आमचे घर नारायण पेठेत आणि माझा कारखाना भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत. मधले अंतर पंधरा किलोमीटर. ते गेली अठ्ठावीस वर्षे मी मोटारसायकलने कापत आलो. आता मेट्रो झाली असताना हा गृहस्थ तिने का जात नाही, असे वाचक विचारतील. तर आमचा कारखाना स्टेशनापासून इतका आत आहे, की उरलेल्या वाटेसाठी पुन्हा वाहन शोधायचे आणि पुन्हा कुडकुडायचे!

थंडीतली मोटारसायकल हे एक व्रत आहे. आधी चोक ओढून चार-पाच किका मारायच्या, मग इंजिन तापेपर्यंत शेजाऱ्यांच्या झोपेची माफी मागत उभे राहायचे. स्वेटरच्या आत छातीवर कालच्या वर्तमानपत्राची घडी घालायची. ही युक्ती माझ्या वडिलांची. ते छत्तीस वर्षे याच पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने गेले. 1869 साली सुरू झालेला तो कारखाना आणि अण्णांची सायकल, दोन्ही सारखीच जुनी असावीत अशी माझी लहानपणी समजूत होती. अण्णा म्हणत, अग्रलेखाचे पान आत घालावे, ते जाड असते. शिरस्त्राणाबद्दल मी बोलत नाही. पुण्यात त्या विषयावर बोलल्यास दोन तट पडतात. मी घालतो, एवढेच सांगतो.

केळकर रस्त्यावरून डेक्कनकडे जाणारा झेड पूल फक्त दुचाकींचा. तिथे मोटारवाल्यांना मज्जाव, म्हणून तो ओलांडताना उगीचच थोडी ऐट वाटते. पण थंडीही तिथेच गाठते. गार हवा जड असते; रात्रभर ती उतारावरून घरंगळत नदीच्या पात्रात येऊन साचते. त्यामुळे पेठेत सोसवणारी थंडी पुलावर येताच बाह्यांतून आत शिरते. खाली मुठेचे पाणी काय रंगाचे असते ते दिवाळीच्या दिवसांत लिहू नये. पण त्या पाण्याच्या कडेने दिवाळीच्या सुमारास परीट येऊन दाखल झालेले असतात. करडे-पांढरे, चिमुकले, सारखी शेपटी वरखाली करणारे. हिमालयाकडून इतक्या लांब येऊन हे पक्षी आमच्या मुठेत उतरतात, याचा मला अभिमानही वाटतो आणि शरमही.

पुढे फर्ग्युसन रस्त्यावर शाळकरी पोरे, तोंडाला फडके गुंडाळून केवळ डोळे उघडे ठेवलेल्या स्कूटरवरच्या मुली, आणि शेतकी महाविद्यालयाच्या बाजूने येणारा ओल्या मातीचा वास. मग शिमला ऑफिसचा चौक. हवामान खात्याने 1928 साली आपले मुख्य ठाणे शिमल्याहून इथे हलवले, तेव्हापासून ते नाव चिकटले. डिसेंबरच्या सकाळी तिथल्या सिग्नलला दोन मिनिटे उभे राहिले, की ते नाव मुळीच विनोदी वाटत नाही. वाकडेवाडीच्या पुढे रिक्षावाल्यांची शेकोटी असते. एकदा सिग्नल लांबला तेव्हा त्यांच्यातल्या एकाने मला हाताने खुणावले, मी गाडी बाजूला लावली आणि मिनिटभर तळवे शेकून घेतले. कोण, कुठले, कोणी विचारले नाही. खडकीला बेकरीचा वास, दापोडीच्या हॅरिस पुलावर पुन्हा नदीचा गारठा, नाशिक फाट्याला उजवीकडे वळण, की आलीच भोसरी.

हे सारे मी रोज संध्याकाळी अण्णांना सांगत असे. अण्णा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून दुसऱ्या मजल्यावरची खिडकी हेच त्यांचे गाव. मी बूट काढतो न काढतो तोच त्यांचा प्रश्न येई, "आज काय दिसलं?" मग शेकोटी, बेकरी, कोणाची कुणाशी झालेली हुज्जत, सगळा वृत्तांत. दिवाळी झाली की ठरलेली चौकशी, "परीट आले का रे?" ते आले म्हटले, की म्हातारा समाधानाने कानटोपी ओढून घेई.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी पडलो. बोपोडीजवळ रस्त्यावर बारीक वाळू पसरली होती. पुढची गाडी थांबली, मी ब्रेक दाबला. खरे म्हणजे दाबायला उशीर केला. गारठलेली बोटे मनाचे हुकूम जरा सावकाश पाळतात. त्यात सकाळी टायरही थंड, त्यांची पकड ढिली. डावे मनगट मोडले. मागून येणारा ट्रक वेळेवर थांबला म्हणून हा लेख लिहितो आहे. ती गोष्ट मी घरी सांगितली नव्हती, पण मला उचलणाऱ्याने इस्पितळात ती सौ.ला सांगून टाकली. ती रडली नाही, ओरडली नाही. प्लॅस्टर सुटले त्या दिवशी तिने मोटारीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "अहो, थंडी संपेपर्यंत हीच," एवढेच बोलली.

तेव्हापासून हिवाळ्यात मी मोटारवाला झालो. प्रामाणिकपणे सांगायचे, तर मोटारीचे सुख मोठे आहे. काचा वर केल्या की आत वेगळाच ऋतू. मोटारसायकलवर असताना हातरुमाल संध्याकाळी काळा होई. थंडीत वरची हवा उबदार आणि खालची गार राहते, त्यामुळे धूर झाकणाखाली कोंडल्यासारखा रस्त्यावरच तरंगतो, आणि तो मी अठ्ठावीस वर्षे गिळला. जानेवारीभर माझी सोबत करणारा खोकला त्या वर्षी आलाच नाही. सौ.च्या चेहऱ्यावरची सकाळची आठी गेली. पेट्रोलचा खर्च तिप्पट झाला, पण दोघा सहकाऱ्यांना वाटेत घेऊ लागलो तेव्हा त्याचीही बोच कमी झाली.

फक्त पाऊण तासाची वाट सव्वा तासाची झाली. झेड पूल बंद, म्हणून लकडी पुलाची रांग. पुलाचा कठडा मोटारीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका उंच, त्यामुळे नदी आहे हे ऐकिवात. पुढे मेट्रोचे खांब आणि समोरच्या वाहनाचे तांबडे दिवे. पेटले की थांबायचे, विझले की दहा पावले सरकायचे.

संध्याकाळी अण्णांनी विचारले, "आज काय दिसलं?"

"बस दिसली."

"कुठली?"

"पुढची. सव्वा तास तीच होती."

अण्णा हसले. दुसऱ्या दिवशीही विचारले, तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात त्यांनी विचारणे सोडले. मी आलो की नुसते "आलास?" म्हणत आणि खिडकीकडे वळत. हे मला फार लागले. मनगट जुळून आले होते. मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी होती. दोन-तीनदा पहाटे उठून ती ताडपत्री मी उचललीसुद्धा. पण सौ.ला दिलेला शब्द, आणि तो ट्रक. पुन्हा झाकून ठेवली.

आमच्या कारखान्याला सुटी गुरुवारी. एका गुरुवारी मी अण्णांना म्हटले, "चला, कामावर जाऊ." ते माझ्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या मजल्यावरून त्यांना उतरवायला मी, शेजारचे दोन तरुण आणि एक लाकडी खुर्ची लागली. अण्णांनी स्वेटर घातला, मफलर गुंडाळला आणि छातीवर अग्रलेखाचे पान घालायलाही विसरले नाहीत. "अहो, गाडीत थंडी नाही," मी म्हटले. "तुला काय ठाऊक?" ते म्हणाले, आणि बसल्याबरोबर त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

आम्ही मुद्दाम माझ्या कामावर जायच्या वेळीच निघालो. म्हणजे रांग तीच, खांब तेच, दिवे तेच. मी पाय एकदा या पट्टीवर, एकदा त्या पट्टीवर ठेवीत होतो. मागचा भोंगा वाजवीत होता, डावीकडून स्कूटर घुसत होती. मला उजवीकडे-डावीकडे बघायची फुरसत नव्हती. अण्णा मात्र काचेबाहेर मान काढून बसले होते. वर मेट्रो गेली तेव्हा त्यांनी टोपी सावरली. खडकीत कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी मी गाडी कडेला घेतली. ते पाच मिनिटे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथं मी सायकल पंक्चर काढायला थांबायचो. चल आता."

दुपारी घरी आलो. खुर्चीची मिरवणूक वर गेली. संध्याकाळी सौ.ने चहा ठेवला आणि मी सवयीने अण्णांजवळ जाऊन बसलो. आज विचारायची पाळी माझी होती. मी म्हटले, "अण्णा, आज काय दिसलं?"

मग त्यांनी सुरुवात केली. लकडी पुलाच्या तोंडाशी शेवंतीचे वाटे लावून बसलेली बाई. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवर आईला घट्ट धरून झोपलेला मुलगा. वाकडेवाडीची शेकोटी. "पाच जण होते, त्यातल्या एकानं तुला हात केला. तू पाहिलंच नाहीस." आणि परतताना बोपोडीला, आम्ही दहा मिनिटे अडकलो होतो तिथे, रस्त्याकडेच्या डबक्याशी एक परीट शेपटी हलवीत उभा होता.

"मोटारीच्या इतका जवळ होता, की हात लावला असता," अण्णा म्हणाले. "पण तू त्या बसकडेच बघत होतास."