टाइनतीरींचा राजप्रतिग्रह

2025 च्या मार्च महिन्यांत धाकट्या पुतण्याच्या आग्रहास्तव इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल या शहरीं तीन आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला. पुतण्या तेथील रुग्णालयांत डॉक्टर आहे. सूनबाईहि नोकरी करतात. सबब दहा वर्षांच्या नातवाला शाळेंतून आणणें आणि उरल्या वेळीं शहर पाहणें, एवढेंच काम आमच्याकडे होतें. लंडन-पॅरिसचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. हें शहर त्या मानानें अपरिचित. परंतु तेथें जें पाहिलें त्यानें आमच्या मनांतील एका जुन्या जखमेवरची खपली निघाली, म्हणून हा लेख.

टाइन नदी शहराजवळून वाहत जाऊन पूर्वेस उत्तर समुद्राला मिळते. तिच्यावर जवळजवळच कितीतरी पूल आहेत. 1849 सालचा रॉबर्ट स्टीफन्सनचा दुमजली पूल, 1928 सालची भव्य पोलादी कमान आणि 2001 मध्यें पादचाऱ्यांसाठीं खुला झालेला, जहाज आलें म्हणजे सबंधच्या सबंध वर कलणारा नवा पूल, हे तीन पाहिले तरी शहराचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. येथून कोळसा इतका बाहेर जाई कीं, इंग्रजींत व्यर्थ श्रमाला 'न्यूकॅसलला कोळसा नेणें' अशी म्हणच पडली आहे. आज त्या खाणी बंद आहेत. जहाजें बांधणारे नदीकांठचे कारखानेहि गेले. शहराच्या कडेलाच टाउन मूर नांवाचें विस्तीर्ण गवताळ माळरान आहे, तेथें नागरिकांच्या जुन्या हक्कानें अजून गाई चरतात. परदेशांत गाई पाहून आम्हांला किती बरें वाटलें तें काय सांगावें!

पुण्यांत जशी कोठूनहि पर्वती दिसावी, तसें येथें ऐन शहरांत उंचावर उभें असलेलें सेंट जेम्स पार्क दिसतें. हें मात्र देवालय नव्हे. न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबाचें तें क्रीडांगण. सुमारें 52,000 प्रेक्षक तेथें बसूं शकतात. क्लबाला हें नांव मिळालें 1892 सालीं. सामन्याच्या दिवशीं आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघेहि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घालून चढण चढतांना पाहिले म्हणजे आपल्याकडील वारीची आठवण येते. गांवाचे उद्योग गेले, पण ही निष्ठा गेली नाहीं.

अशा निष्ठेला मालक असावा हेंच आम्हांला प्रथम चमत्कारिक वाटलें. पण तेथें क्लब विकत घेतां येतो. 2007 पासून चौदा वर्षें तो एका इंग्रज दुकानदार धनिकाकडे होता. त्या काळांत संघ 2009 आणि 2016 अशा दोन वेळां खालच्या श्रेणींत घसरला. मध्यंतरीं 2011 सालीं क्रीडांगणालाच मालकाच्या दुकानाचें नांव देण्यांत आलें आणि लोक संतापले. पुढें 2021 च्या ऑक्टोबरांत सुमारें साडेतीस कोटी पौंडांना क्लब विकला गेला. त्यांतील शेंकडा 80 भाग सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीनें घेतला. त्या निधीचे अध्यक्ष म्हणजे त्या देशाचे युवराज. हजारों लोक क्रीडांगणाबाहेर जमून नाचले. कित्येकांनीं अरबांप्रमाणें डोक्याला फडकीं बांधलीं होतीं.

खरेदीला मान्यता देतांना, सौदी राज्यसत्ता क्लबाचा कारभार पाहणार नाहीं असें कायद्यानें बांधणारें आश्वासन मिळालें आहे, असें तेथील लीगनें जाहीर केलें. गंमत अशी कीं, 2023 सालीं अमेरिकेंतील गोल्फच्या एका दाव्यांत याच निधीच्या वकिलांनीं, आमचा पक्षकार सौदी राज्याचेंच अंग आहे, सबब त्याला राज्याचें संरक्षण मिळावें, असें प्रतिपादन केलें. एका दारीं राज्य नव्हे, दुसऱ्या दारीं राज्य!

आपल्या धर्मशास्त्रांत दानाइतकाच प्रतिग्रहाचा, म्हणजे दान स्वीकारण्याचा, विचार केलेला आहे. आणि राजप्रतिग्रह तर विशेष घोर मानिला आहे. पाठशाळेंत हें शिकतांना आम्हांला नवल वाटे. पाप देणाऱ्याचें असेल तर तें घेणाऱ्याला कां लागावें? त्याचा अर्थ न्यूकॅसलला उमगला. 2018 सालीं जमाल खशोगी या सौदी पत्रकाराची इस्तंबूल येथें त्याच्याच देशाच्या वकिलातींत हत्या झाली, हें सर्वांस ठाऊक आहे. 2022 च्या मार्चांत सौदी सरकारनें एकाच दिवशीं 81 जणांना देहांत शासन दिलें. दुसऱ्याच दिवशीं न्यूकॅसलचा लंडन येथें सामना होता. संघाचे प्रशिक्षक एडी हाउ यांना पत्रकारांनीं त्याविषयीं छेडलें, तेव्हां आपण फुटबॉलपुरतेंच बोलणार, असें त्यांनीं सांगितलें. सद्गृहस्थ म्हणून त्यांचा लौकिक आहे. पण बोलणार तरी काय? प्रतिग्रहानें प्रथम जाते ती जीभ. कांहीं थोड्या चाहत्यांनीं मात्र विरोधासाठीं मंडळ काढलें आहे, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

पुतण्याच्या शेजारीं अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ राहतात. त्यांचे वडील आणि आजोबा खाणींत होते. ते स्वतः जहाजाच्या कारखान्यांत. चहा घेतां घेतां आम्हीं भीत भीत हा विषय काढला. ते रागावले नाहींत. म्हणाले, "खाण बंद केली तेव्हां आम्हांला कोणी विचारलें नाहीं. कारखाना मिटला तेव्हांहि नाहीं. आमचें सरकार त्याच राजाला शस्त्रें विकतें. सगळ्या देशानें व्यवहार करावा आणि साधुत्व मात्र फुटबॉल पाहणाऱ्या म्हाताऱ्यानें पाळावें, हा कोणता न्याय?" यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. अजूनहि पुरतें सुचत नाहीं.

कारण तें उत्तर देण्याचा अधिकार आम्हीं केव्हांच गमावला होता. आमच्या शाळेला सभागृह नव्हतें. पावसाळ्यांत मुलें व्हरांड्यांत दाटीवाटीनें बसत. एका सावकारानें तें बांधून दिलें. त्याच्या वह्यांत आमच्याच कित्येक विद्यार्थ्यांच्या बापांच्या जमिनी गडप झालेल्या होत्या, हें गांवांत सर्वांना ठाऊक होतें. उद्घाटनासाठीं त्याच्या स्तुतिपर आठ अनुष्टुभ् श्लोक रचण्याचें काम आमच्याकडे आलें आणि आम्हीं तें निर्दोष वृत्तांत पार पाडलें. श्लोक म्हणतांना शेवटच्या रांगेंत, ज्याचें शेत नुकतेंच गेलें होतें असा एक पालक बसलेला आम्हांला दिसला. तो टाळ्या वाजवीत होता. त्या सभागृहांत पुढें शेंकडों मुलें शिकलीं, हें खरें. आणि त्या सावकाराविषयीं आम्हां शिक्षकांपैकीं कोणाचेंहि तोंड पुन्हा उघडलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

16 मार्चला लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर लीग करंडकाचा अंतिम सामना झाला. न्यूकॅसलनें लिव्हरपूलचा 2-1 असा पराभव केला. 1955 नंतर देशांतील मोठा करंडक या गांवीं प्रथमच येत होता. पहिला गोल डॅन बर्न या उंचापुऱ्या खेळाडूचा. तो जवळच्याच ब्लाइथ गांवचा. लहानपणीं याच क्लबानें त्याला काढून टाकलें होतें. 2022 मध्यें नव्या मालकांच्या अमदानींत तो परत आला. म्हणजे घरचें पोर घरीं आलें तेंहि या नव्या पैशाच्या दिवसांत! 29 तारखेला टाउन मूरवर विजयोत्सव झाला, तेथें आम्हीहि गेलों. शेजारचे गृहस्थ लहान मुलासारखे रडत होते. त्यांनीं आमचा हात धरला आणि आम्हींहि टाळ्या वाजविल्या. तो आनंद खोटा होता असें कोणी म्हणेल तर तें आम्हांला मान्य नाहीं.

परतण्यापूर्वीं नातवाला क्लबाचा सदरा घेऊन देण्याचें वचन दिलें होतें, तें पाळलें. दुकानाबाहेर येतांना त्यानें छातीवरच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलें, "आजोबा, हें सेला म्हणजे काय?"

ती त्याच सौदी निधीच्या मालकीची एक कंपनी. 'जाहिरात आहे, बाळ' एवढें सांगून मोकळें होतां आलें असतें. परंतु पैसे आम्हींच मोजले होते. निदान जीभ तरी शाबूत ठेवावी असें वाटलें. चढण उतरतां उतरतां त्याला त्या राज्याची, त्या पत्रकाराची आणि शेवटीं आमच्या सभागृहाचीहि हकीकत सांगितली. ही शेवटची हकीकत घरांत आजवर कोणालाहि ठाऊक नव्हती.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही त्या शेतकऱ्याला नंतर भेटलांत का?"

नाहीं भेटलों. तो गृहस्थ आतां हयात नाहीं. मुलगा मात्र गांवांतच आहे. घरीं परत आल्यावर प्रथम त्याच्याकडे जाण्याचें आम्हीं त्या उतारावरच ठरविलें, आणि वाचकहो, त्याप्रमाणें जाऊन आलों.